टाकीमागची मंडळी

आमच्या ह्यांचा फोटो कारखान्याच्या भिंतीवर लागला तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? हे शर्टांच्या कारखान्यात कटिंग मास्तर, मी तिथेच काज-बटणाला. भिंतीवर ‘यांनी सिगरेट सोडली’ अशी पाटी, खाली सहा जणांचे फोटो, आणि त्यांत सगळ्यांत जास्त दात दाखवणारे आमचे हे.

फोटो लावणारी म्हणजे आमची ठकी, ह्यांच्या बहिणीची मुलगी. ती आणि तिच्यासोबतचा दाढीवाला पोरगा, दोघं कारखान्यांत जाऊन लोकांना सिगरेट-तंबाखू सोडायला मदत करतात. उपदेशाचे डोस पाजत नाहीत, हे त्यांचं चांगलं. एकदम सुटत नसेल तर निकोटिनचा च्युइंगगम घ्या म्हणतात. तलफ भागते आणि छातीत धूर तरी जात नाही.

डॉक्टरांनी ह्यांना स्पष्ट बजावलं होतं, फुप्फुसं आणखी बिघडली तर सुधारायची नाहीत. आमचं घर वरच्या मजल्यावर. जिन्याच्या प्रत्येक वळणावर हे थांबायचे आणि ‘किल्ली कुठे गेली’ म्हणत खिसे चाचपायचे. किल्ली माझ्या पर्समध्ये असते, हे त्यांनाही ठाऊक.

फोटो लागल्यावर काही दिवस बरे गेले. मग खिसे चाचपणं वाढलं, शर्टाला वास यायला लागला. मी गप्प राहिले. ठकीचं हे पहिलंच यश, आणि मी तोंड उघडलं असतं तर घरात रणकंदन.

एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा धुवायला पाण्याच्या टाकीकडे गेले, तर मागे हे, इस्त्रीवाला आणि पॅकिंगचा मुकादम धूर सोडत उभे. तिघंही भिंतीवरचे! अर्धी भिंतच तिथे उतरली होती. मुकादमाने सिगरेट पाठीमागे लपवली. मी डबा धुतला आणि निघून आले. संताप असा आला होता की झाकण तिथेच राहिलं.

पुढच्या आठवड्यात ठकी आली. नवीन कामगार जमले, मालकही येऊन बसले.

“मामा, तुम्ही कशी सोडली तेवढं सांगा,” ती म्हणाली.

हे उठले. खुर्चीची पाठ धरून आधी खोकले, मग माझ्याकडे बघितलं. मी नजर हटवली नाही.

“सोडली नाही,” हे म्हणाले. “आज सकाळीच ओढली.”

ठकीचा चेहरा खर्रकन उतरला. “मग मला सांगितलं का नाहीत, मामा?”

“कसं सांगणार? जाता-येता माझाच फोटो माझ्याकडे बघून हसतोय. पुन्हा मदत मागायला आलो असतो तर चारचौघांत तुझं नाक कापलं गेलं असतं.”

“आणि गम?”

“नाव काढू नकोस त्याचं. चहाबरोबर एक खाल्ला, तर उचक्या थांबेनात.”

“चहाबरोबर? चावलात कसा?”

ह्यांनी जबडा कराकरा हलवून दाखवला. लोक हसले. दाढीवाल्याने कपाळावर हात मारला. “अगं, तू मामांना करून दाखवलं नव्हतंस?”

बाहेर कुठेही गेली की ही दोघं साधा गम तोंडात घालून सगळं करून दाखवतात. मामाच्या बाबतीत मात्र ठकीने पाकीट आमच्या टेबलावर ठेवलं आणि गेली. घरचेच तर आहेत! मी समोरच होते.

“हळू चावायचा,” ती आता म्हणाली. “चुरचुरलं की थांबायचं, गालात दाबून ठेवायचा. चहा आधीही नको, बरोबरही नको.”

“अगं, मग हे आधी सांगायचंस ना!” मागून इस्त्रीवाला ओरडला.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तो जीभ चावून खाली बसला, आणि मुकादम निमूटपणे उभा राहिला.

ठकीने एकेक करून सगळे फोटो उतरवले. “आता भिंतीवर काय लावणार?” मालकांनी विचारलं. “काही नाही,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती आणि दाढीवाला टाकीमागे स्टूल टाकून बसले होते. हे, इस्त्रीवाला आणि मुकादम समोर.

त्या संध्याकाळी घरी येताना हे जिन्याच्या पहिल्याच वळणावर थांबले.

“तुला माहीत होतं?”

“नाक आहे मला.”

“मग बोलली का नाहीस?”

मला रडूच फुटलं. “त्या फोटोतल्या माणसाला घेऊन काय करू मी? मला हा जिना चढणारा हवाय.”

ह्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. मग त्यांनी तो काढून कठड्यावर ठेवला.

“दम लागलाय,” हे म्हणाले. “थांब जरा.”

मी थांबले.