कॉलरची सुई

"साक्षीदाराला काही विचारायचं आहे का?" न्यायाधीशांनी दुसऱ्यांदा विचारलं.

निसार शिंपी आपली केस स्वतःच चालवत होता. "खरं बोलायला वकील कशाला पायजे?" म्हणून त्यानं शहाणपण शिकवणाऱ्या सगळ्यांना वाटेला लावलं होतं. घरमालक हंबीररावांचा दावा होता, की निसारनं न विचारता दुकानाची मागची भिंत पाडली, म्हणून दुकान खाली करून मिळावं. भिंत गेल्याच वर्षीच्या पावसात आपणहून पडली होती. साक्षीला हंबीररावांनी आपल्या म्हाताऱ्या आईला, आक्कांना, आणलं होतं.

"न्हाणीच्या दारातनं बघितलं की, ह्या डोळ्यांनी," पिंजऱ्यातून आक्का म्हणाल्या. "ह्यानंच पाडली."

निसारचा हात शर्टाच्या कॉलरकडे गेला. तिथं सुई नेहमीच खोचलेली असे. ती आक्कांच्या हातात देऊन 'दोरा ओवा' एवढंच म्हणायचं होतं. दोन वर्षं वाकळ शिवायला आक्का त्याच्याकडूनच सुई ओवून नेत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "हंबीरला सांगू नगंस बाबा. आंधळी झाली म्हणून मला आजऱ्याला लेकीकडं धाडंल." निसारनं शब्द दिला होता.

समोरच्या बाकावर हंबीरराव बसले होते. आक्का निसार समजून शिपायाकडे बघत होत्या. निसारला म्हातारीचा राग आला, भयंकर आला. त्या दुकानात त्याच्या बापानं मशीन मांडलं होतं.

त्यानं कॉलरवरचा हात खाली घेतला. "काय इचारायचं न्हाय, सायेब."

महिन्याभरात निकाल लागला. दुकान गेलं.

हातगाडीवर मशीन चढवून झालं, तेव्हा भिंत चाचपत आक्का आल्या. हातात सुई आणि दोरा होता.

"तू सुई काढशील म्हणून लई भ्या वाटत हुतं रं मला," त्या हळूच म्हणाल्या.

"काढणारच हुतो की."

निसार रिकाम्या दुकानाच्या पायरीवर बसला. आक्कांची सुई ओवून झाल्यावर त्यानं खिशातून नव्या सुयांची पुडी काढली. एकेक सुई घेऊन, हातभर लांब दोरा ओवून, त्यानं साऱ्या एका चिंधीत ओळीनं टोचल्या आणि चिंधी आक्कांच्या हातात दिली.

"एक संपली की म्होरली घ्या, आक्का."

आक्कांनी सगळ्या सुयांवरून बोट फिरवलं.

"आणि ह्या संपल्यावर रं, निसार?"

निसारनं मशीनवरचा दोर पुन्हा एकदा आवळला.