वजन विकायच्या मालाचं

मी एक जुना ताणकाटा आहे. वर गोल तबकडी, तिच्यात थरथरणारी सुई आणि खाली लोखंडी हूक, एवढाच माझा देह. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्यावर लगेच विश्वास टाकू नका. पेरू देशाच्या डोंगरातल्या आमच्या वायलापुंकू गावात कुणीच टाकत नाही, आणि इथले लोक काही वेडे नाहीत.

समुद्राकाठच्या शहरातल्या एका कारखान्यात मी जन्मलो. एर्मोखेनेस नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने मला विकत घेतलं आणि खेचरावर घालून इथे वर आणलं. बाजाराच्या दिवशी माझ्या हुकाला लोकरीची गाठोडी लागत, आणि कापलेल्या मेंढ्याही. लोकर चढली की व्यापाऱ्याचा अंगठा हळूच हुकाला खालून टेकू देई, म्हणजे वजन कमी भरे. लोकांना ते दिसायचं. पण दुसरा काटा होता कुठे? ते खाली मान घालून मिळेल ते घेत आणि वळणावर गेल्यावर शिव्या देत. व्यापाऱ्याला वाटायचं, आपली चतुराई कुणाला कळत नाही!

व्यापारी म्हातारा होऊन निघून गेला. त्याच सुमारास दवाखान्यातला बाळांचा काटा मोडला. कुणा शहाण्याने काटकसर सुचवली आणि मला तिथे आणलं. मला घासलं, पांढरा रंग दिला, हुकाला पाय घालायची दोन भोकं असलेली निळी झोळी अडकवली. हूक मात्र तोच राहिला. ज्या हुकाला आपली मेंढी सोललेली पाहिली, त्याला आपलं लेकरू कोण टांगेल? एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्यात इथे पिश्ताकोची भीती. वाटेवर माणूस गाठून त्याची चरबी काढून नेतो तो पिश्ताको. बूट घालतो, गोड बोलतो. गेल्या पेरणीच्या वेळी शहरातून अभ्यासाला माणसं आली. त्यांच्याही पायात बूट होते आणि तेही गोड बोलत होते. त्यांनी पोरांना बिस्किटं दिली, माझ्यावर टांगलं, दंडातलं रक्त नळ्यांत भरलं. अंगातून गेलेलं रक्त पुन्हा भरून येत नाही, असं इथले लोक मानतात. तरी त्यांनी दिलं. इथे शेजाऱ्याने तुमच्या शेतात दिवसभर खणलं, तर तुम्हीही त्याच्या शेतात तेवढंच खणायचं असतं; रक्ताचीही अशीच परतफेड होईल, असं त्यांना वाटलं. "काय निघालं ते सांगायला परत येऊ," असं ती माणसं म्हणाली होती. कुणी आलं नाही.

मग सोराइदा नावाची नवी परिचारिका आली. एका सकाळी गावातली फोर्तुनाता तिच्या तान्ह्या लेकीला, नेलिदाला, पाठीवर बांधून आली. पोर रडतही नव्हती.

"वाळत चाललीय गं ही," सोराइदा म्हणाली. "वजन बघू दे एकदा."

"वजन विकायच्या मालाचं करतात, बाई," फोर्तुनाताची सासू आसुंताआजी फणकारली. "गिऱ्हाईक बघून ठेवलंस की काय आमच्या नातीला?"

"आजी, हा आता बाळांचा काटा आहे. रंग तरी बघा."

"कोल्ह्याला पांढरं फासलं म्हणून त्याचं कोकरू होतं होय?"

दारातल्या बायका फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "आधी तूच लटक की! चरबी तर तुझ्याच अंगावर आहे."

सोराइदाने खरंच चपला काढल्या, दोन्ही हातांनी हूक धरला आणि पाय वर घेतले. माझी स्प्रिंग कळवळली.

"अठ्ठावन्न!" ती ओरडली.

"छट्! कमी दाखवतोय मेला," आजी म्हणाली. "पहिल्यापासून लबाड आहे तो."

हशा पिकला. मला वाटलं, जमलं आता. सोराइदालाही तसंच वाटलं असावं, कारण तिने नेलिदाकडे हात पसरले.

फोर्तुनाता मागे सरली. "तुझं वजन तुला कळलं. माझ्या रुबेनचं मला कुणी सांगितलं? इथंच टांगलं होतं त्याला. रक्तपण घेतलं. पहिला बर्फ पडायच्या आत गेला माझा पोरगा. त्यांना कळलं होतं का गं? कळूनसुद्धा गप बसले?"

मित्रांनो, मी त्या दिवशी तिथेच होतो. रुबेनला टांगलं तेव्हा माझी सुई जेमतेम हलली. शहरातून आलेल्यांपैकी एक हातमोजेवाला दुसऱ्याला म्हणाला, "फारच कमी आहे." आणि त्याने पुढच्या मुलाला हाक मारली. पण काट्याला कुठे तोंड असतं!

"मला माहीत नाही," सोराइदा म्हणाली. "त्या माणसांना विचारून येते."

"येशील, येशील," आजी म्हणाली. "सगळेच येतात!"

सोराइदा त्याच दिवशी बटाट्यांच्या ट्रकमधून शहराकडे गेली. परतली ती थेट फोर्तुनाताच्या अंगणात, आणि तिला घेऊनच दवाखान्यात आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "होय. रुबेनच्या अंगात रक्त आधीच फार कमी होतं. त्यांना कळलं होतं. त्यांनी कळवलं नाही."

फोर्तुनाता मटकन खाली बसली. छाती बडवून रडली, त्या माणसांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सोराइदा तिथून हलली नाही. मग फोर्तुनाताने पाठीवरची नेलिदा सोडली आणि तिच्या हातात दिली.

"या हुकाला नाही लावायची," ती म्हणाली. "आणि जिथं नेशील तिथं मी येणार."

सोराइदाने हातांतच पोरीच्या वजनाचा अंदाज घेतला, आणि दोघी तिला घेऊन खोऱ्यातल्या मोठ्या दवाखान्याकडे निघाल्या. जाण्याआधी मला तुळईवरून काढून अडगळीत टाकलं. मला वाईट वाटलं, पण योग्यच केलं त्यांनी.

ट्रक कितीदा तरी वर आला आणि गेला. नेलिदा जगली की नाही, मला ठाऊक नाही. अडगळीतल्या काट्याला कोण सांगायला येतं? मित्रांनो, कुणाच्या लेकराचं वजन घ्याल, रक्त घ्याल, तर जे निघेल ते त्याच्या आईला सांगा. आणि नेलिदाचं काय झालं ते तुम्हाला कळलं, तर कुणीतरी मलाही येऊन सांगा. नुसतं "येतो" म्हणू नका. ते मी खूप ऐकलं आहे.