यंत्रावरचा पहारा

"अहो तात्या, निघा ना आता! तुमच्या मुलाचा फोन येऊन गेला की!" मी अक्षरशः ओरडले.

"हा रन संपू दे, सगळं मिश्रण उतरू दे," म्हणत तात्यांनी नव्या यंत्रासमोर ठाण मांडलं.

तिकडे हॉस्पिटलात त्यांची बायको, आमच्या काकू, शेवटच्या घटका मोजत होत्या.

आमच्या लॅबमध्ये औषधी द्रव्यं शुद्ध करतात. मिश्रण कॉलममधून, म्हणजे पावडर भरलेल्या उभ्या नळीतून सोडायचं, त्यातलं एकेक द्रव्य सुटं होऊन बाहेर येतं. पडद्यावरची रेघ चढली की खाली काचनळी धरायची, उतरली की बदलायची. जरा लक्ष हललं की चांगल्यात घाण मिसळलीच. तात्यांनी जन्मभर हे हातानं केलं. ना वेळेवर जेवण, ना कुणाचं लग्नकार्य. पाठीमागे आम्ही त्यांना बगळा म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मेलं आवडायचंही.

आजपासून ते काम यंत्र करणार होतं. रेघ चढली की त्याचा हात आपोआप नळीवर येणार, उतरली की पुढच्या नळीवर जाणार. "तात्या, तुम्ही खुशाल जा, म्हणून तर हे आणलंय," असं साहेबांनी स्वतः सांगितलं. तेच त्यांना झोंबलं.

"बघशील, घोटाळा करणार हे. मग माझ्या नावानं शंख कराल."

"करू दे की! काकू वाट बघताहेत तुमची."

"तिला सवय आहे."

असा संताप आला मला! सवय म्हणे. लावली कुणी?

रेघ चढू लागली. यंत्राचा हात सरकला, थेंब नळीत पडू लागले. तात्या हात पुढे करून तयार उभे. एकदाही गरज पडली नाही. शेवटी मी नळ्या तपासल्या. काय सांगू, तात्यांच्या हातून इतकं शुद्ध कधीच निघालं नव्हतं. माझ्या तोंडावर त्यांना ते दिसलंच.

तेवढ्यात फोन वाजला. मुलाचा आवाज मलाही ऐकू आला.

"बाबा, आता घाई नाही. तुमचं काम उरकूनच या."

तात्यांनी फोन खिशात ठेवला. यंत्राचा हात आपल्या जागी जाऊन थांबला होता. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ते बेसिनपाशी गेले आणि सकाळी धुऊन ठेवलेल्या नळ्या पुन्हा धुवायला लागले.