आमसुलांची जागा

सर्टिफिकेट मिळालं त्या दिवशी आमच्या ह्यांनी अक्कल गहाण ठेवली, असं माझं ठाम मत आहे. हे, म्हणजे लवू परब, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पंचवीस वर्षं डिझेल जनरेटर दुरुस्त करत होते. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचे. जनरेटर गेले, नोकरीही गेली. मग बावन्नाव्या वर्षी सोलरचा कोर्स केला आणि सर्टिफिकेट लॅमिनेट करून देवांच्या वर टांगलं.

सोलर कंपनीचे हर्षद साहेब म्हणाले, "तुमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर चार पॅनल बसवून दाखवा. महिनाअखेर बघायला येतो. वीज पुरी आली तर नोकरी पक्की."

ह्यांनी मोबाइलच्या ॲपने दाखवलेली पश्चिमेची बाजू धरली. मी समोरच्या पूर्वेच्या कोपऱ्यात आमसुलं उलथत होते.

"अहो, दोन वाजल्यावर थंय ऊन रवत नाय."

"ॲप खोटा बोलता काय? तुका काय कळता त्यातला?"

"माझी आमसुला थंय सुकत नाय, इतक्या कळता."

पश्चिमेला बावीस मजली टॉवर उभा राहून दोन वर्षं झाली. ॲपमधला नकाशा त्याच्या आधीचा. पण सर्टिफिकेटवाला माणूस स्वतःच्या डोळ्यांवर कशाला विश्वास ठेवील?

वीज निम्मीच येऊ लागली. हे जेवण टाकून मीटरसमोर बसायचे. महिनाअखेरीला तीन दिवस उरले, तेव्हा मी ह्यांना दुपारी हाताला धरून गच्चीवर नेलं. चारही पॅनल टॉवरच्या सावलीत होते. ऊन फक्त पूर्वेच्या कोपऱ्यात, माझ्या आमसुलांवर.

ह्यांनी कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मागितलं काहीच नाही. ह्या माणसाने जन्मात कधी तोंड उघडून काही मागितलं नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. ओल्या आमसुलांच्या चादरी मीच गुंडाळल्या, आणि ह्यांनी पॅनल तिथे हलवले. आमसुलं घरात पंख्याखाली पसरली, तर दोन दिवसांत बुरशी आली.

हर्षद साहेब खूश झाले. "जागा अचूक निवडलीत. कोर्सचा फायदा झाला बघा."

"होय साहेब," हे म्हणाले. मी रिकाम्या चादरी झटकत शेजारीच उभी होते.

पहिल्या पगाराच्या दिवशी बाजारच्या आमसुलांची सोलकढी केली. एक घोट घेऊन ह्यांनी वाटी खाली ठेवली. "चव नाय गो."

"ॲपाक इचारा," मी म्हटलं.