बाळारामच्या वाटेवरचं गेट

मी रस्ता बोलतोय. रस्त्याला कुठलं आलंय तोंड, असं म्हणाल. एवढे खड्डे पडलेत अंगावर, त्यातलाच एखादा तोंड समजा आणि ऐका. गोड बोलणं मला जमत नाही. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं कडेनं जावं, पण कडेलाही चिखलच आहे.

भिवंडीत कामतघरच्या मागल्या अंगाला, नव्या इमारतींच्या मधून मी जातो. इमारती परवाच्या, मी जुना. मला कुणी नकाशावर आखलं नाही. बाळाराम भोईर नावाचा शेतकरी बैलगाडीत भाताचे भारे घालून एकाच रेघेनं जायचा, त्याच्या चाकांनी मी झालो. पावसाळ्याआधी तो आळीतली माणसं गोळा करायचा आणि सगळे पाट्या भरभरून माझ्यावर मुरूम टाकायचे. एकदा त्याच्या भावकीतल्या कुणीतरी माझ्यावर काट्यांचं कुंपण आडवं घातलं. बाळारामनं ते उचलून फेकलं. "काटे तुझ्या अंगणात लाव," एवढंच म्हणाला.

बाळाराम गेला. त्याच्या पोरानं, लडकूनं, जमीन प्रितेशशेठ बिल्डरला दिली. लडकूला फ्लॅट मिळाले, मला डांबर मिळालं. डांबर कसलं, पापडाच्या लाटीला तेल लावतात तेवढं. घरं विकून झाल्यावर प्रितेशशेठ म्हणाला, आता रस्त्याचं महापालिका बघेल. महापालिका म्हणाली, आमच्या ताब्यात दिलाच नाही तर आम्ही काय बघणार. पोरक्या पोराला निदान जेवलास का म्हणून तरी विचारतात. मला तेही नाही.

मग पॉवरलूमच्या टेम्पोंना माझा पत्ता लागला. मोठा रस्ता तुंबला की सुताचे बीम आणि कापडाचे तागे लादून निघाले माझ्या उरावरून. पण सगळं त्यांच्यावर ढकलू नका. तुमच्या प्रत्येक हळदीला तुम्ही माझ्यात पहारीनं भोकं पाडता, मांडवाचे खांब रोवता, नाचता. मांडव जातो, भोक राहतं. त्यात पाणी मुरतं, खडी सुटते. आणि तुम्हीच नाकाला रुमाल लावून म्हणता, काय हा रस्ता!

टेम्पो अडवायला लडकूनं गेट बसवलं. जाडजूड लोखंडी, वर कमान, कमानीवर सोनेरी अक्षरात 'कै. बाळाराम भोईर मार्ग'. नारळ फोडला, पेढे वाटले. ज्या माणसानं काटे टिकू दिले नाहीत, त्याच्या नावानं गेट. मला हसू आलं होतं, पण हसलो की खडी निघते.

लडकूची बायको आनंदीबाई. तिच्या किडन्या गेल्यात. दिवसाआड डायलिसिसला जाते. रिक्षावाला गेटाशीच थांबतो आणि म्हणतो, "चाची, अंदर नहीं आएगा, शॉकअप टूटेगा." मग ती भिंतीला धरत चालत जाते. गेल्या महिन्यात कमानीखालच्या खड्ड्यात तिचा पाय गेला आणि ती पडली. नेमकी त्या हातावर, ज्यात सुया टोचतात. तो हात माझ्यावरच आपटला. मी काय करणार होतो? दगडाचा मऊपणा तो केवढा.

सोसायटीचा सेक्रेटरी मिलिंद पोस्टात नोकरीला आहे. चिवट माणूस. महापालिकेत खेटे घालून घालून त्यानं एका साहेबाला माझ्यापर्यंत आणलं. साहेबानं मला पाहिलं नाही, आधी गेट पाहिलं. म्हणाला, "गेट तुमचं, वॉचमन तुमचा, मग रस्ता आमचा कसा? हे काढा, सगळ्यांना मोकळा करा, मग ताब्यात घ्यायचं बघतो."

त्याच संध्याकाळी इमारतीखालच्या पार्किंगात सगळे जमले. लडकू खुर्ची ओढून मधोमध बसला.

"बापाचं नाव हाय त्याच्यावर. हात लावंल त्याचा हात जाग्यावर ऱ्हायचा न्हाय."

"काका, नाव ठेवा की घरी नेऊन. दार तेवढं काढू," मिलिंद म्हणाला.

"तू नको शिकवू मला."

आनंदीबाई कोपऱ्यात बसली होती, हात गळ्यात बांधलेला. ती नवऱ्याकडं न बघताच म्हणाली, "मामंजींच्या नावाखालीच पडली मी. त्यांनी बघितलं असतं तर गेट ऱ्हायलं बाजूला, आधी तुम्हालाच घराबाहेर काढलं असतं."

दोघं-तिघं हसले. लडकू हसला नाही. उठून गेला.

सकाळी तो नारपोलीहून गॅसकटरवाला घेऊन आला. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. आधी बापाचं नाव कमानीवरून उतरवलं, गमछ्यात गुंडाळून घरी पाठवलं. मग गेट कापलं, कमान पाडली, खांब उपटले. खांबांच्या जागी दोन मोठी भोकं राहिली. मला वाटलं, आता हाही जाईल हात झटकून. तर लडकू पाटी घेऊन खाली बसला आणि खडी-सिमेंट ठासायला लागला. मिलिंदनं बाही वर केली. मग आणखी पाट्या आल्या, कमानीखालचा खड्डाही भरला. माझ्या अंगातून खांब उपटून भोक बुजवणारा हा पहिलाच माणूस. बाळारामनंतर माझ्यावर पाट्या आल्या त्या त्याच दिवशी.

थोड्या वेळानं एक टेम्पो आला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "गेट किधर गया?"

"गया," लडकू म्हणाला. "तू धीरे चला. गाववालों का रास्ता है."

आता रिक्षा आत येते. दारापर्यंत नाही, मधल्या मोठ्या खड्ड्यापर्यंत. तिथून पुढं आनंदीबाई लडकूच्या हाताला धरून चालते. महापालिकेनं अजून मला ताब्यात घेतलेलं नाही. मिलिंद जातोय, आता लडकूही त्याच्याबरोबर जातो आणि तिथं माझ्यापेक्षा वाईट बोलतो म्हणे. चांगलं करतो.

तर साहेब, तुम्ही सांगितलं ते झालं. दार काढलं, मी सगळ्यांना मोकळा आहे. आता तुमचा शब्द घेऊन या, आणि येताना रोलर आणा. आणि रहिवाशांनो, पुढच्या हळदीला मांडवाचे खांब वाळूच्या डब्यात उभे करा. माझ्या अंगावर पहार उचलाल तर लडकू खालीच बसलेला असतो, एवढं ध्यानात ठेवा.