आतड्यातल्या जखमा पाहिलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. पण चंद्र-तारे मी कधी पाहिलेले नाहीत. माणसाच्या आतड्यात उतरायचं आणि तिथलं चित्र पडद्यावर दाखवायचं, हे माझं काम. माझं अंग काळं, लवचीक, पाच फुटांहून थोडं लांब. टोकाला दिवा आणि इवलासा कॅमेरा. आतून एक बारीक नळी जाते, तिच्यातून औषध सोडता येतं.

जपानमधल्या एका कारखान्यात मी तयार झाले आणि कोलकात्यातल्या एका रुग्णालयात आले. अकरा वर्षं राबले. सुरुवातीला डॉक्टर म्हणायचे, "काय स्वच्छ दिसतंय हिच्यातून!" मग नवी दुर्बीण आली आणि मी काचेच्या कपाटात लटकत राहिले. इथल्या तंत्रज्ञ शेफालीदी मात्र मला अधूनमधून पुसायच्या.

त्या कपाटातूनच मी मधुवंतीला पहिल्यांदा पाहिलं. वय एकोणीस, वजन चौतीस किलो. तिचे वडील दिगंबर बदली होऊन गार्डन रीचच्या रेल्वे कार्यालयात आले होते. कुटुंब शहरातल्याच बेहाला भागात राहत होतं. मधुवंतीला क्रोन्स झाला होता. या आजारात शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. जखमा होतात, रक्त जातं, अन्न अंगी लागत नाही. एकेक औषध देऊन झालं होतं.

डॉक्टर सेनगुप्ताबाईंनी एक उपाय सुचवला, ज्याची एका वैद्यकीय अभ्यासात अजून चाचणी चालू होती. निरोगी माणसाची विष्ठा नीट तपासायची, गाळायची आणि तिच्यातले जिवाणू मधुवंतीच्या आतड्यात सोडायचे.

"गुण येईलच असं नाही," बाई म्हणाल्या. "या आजारात हा उपाय अजून सिद्ध व्हायचाय. आणि घरच्या घरी असलं काही करू नका, जिवावर बेतेल."

आई सुनीती लगेच तयार झाली; पण तपासणीत तिच्या पोटात एक धोक्याचा जंतू निघाला. दिगंबर तपासणीत पास झाले होते. तरी ते मान खाली घालून बसले.

"मला नाही जमणार," ते म्हणाले. "सोवळ्यात पूजा करणारा माणूस मी. पोटच्या पोरीला हे द्यायचं?"

"बाबा, मी दिवसातून पंधरा वेळा संडासात पळते," मधुवंती हळू आवाजात म्हणाली. "मला आता कसलीच किळस उरली नाही. हे नाही झालं, तर आतडं कापावं लागेल म्हणतायत."

दिगंबरांनी संमतीचा फॉर्म पुढ्यात ओढला. मग त्यावर सही केली.

ठरलेल्या दिवशी नेमकी नवी दुर्बीण दुरुस्तीला गेलेली. वडिलांनी सकाळी दिलेला नमुना काही तासांतच वापरायला हवा होता. शेफालीदींनी माझ्यात हवा भरून मला पाण्यात बुडवून पाहिलं. कुठूनही बुडबुडा आला नाही. मग त्यांनी मला जंतुनाशकाने धुऊन घेतलं.

"गळत नाहीये, मॅडम. पण मागे एकदा चित्र थरथरलं होतं."

"हळू जाऊ," बाई म्हणाल्या.

मी आत शिरले. भिंती सुजलेल्या, लालभडक. जागोजागी खोल जखमा. एका वळणावर आले आणि पडदा काळा झाला.

"थांबा! कुणी हलू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा हात जागच्या जागी थिजला.

सुजलेलं आतडं ओल्या कागदासारखं असतं. अंधारात जरा जोर पडला असता, तर ते फाटलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांना दाखवत आले, आणि आज मीच आंधळी झाले! मला स्वतःचीच भीती वाटली.

"काय झालं?" गुंगीतच मधुवंतीने विचारलं.

"भय पेयो ना, माँ," डॉक्टरबाई बंगालीत म्हणाल्या. घाबरू नकोस बाळा. त्यांच्या कपाळावर मात्र घाम होता.

शेफालीदींनी माझी जोडणी काढली, कोरडी पुसली, पुन्हा बसवली. काहीच नाही. दुसऱ्यांदा बसवली. पडदा थरथरला आणि आतड्याचं वळण दिसलं. बाईंनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. पुढे इंच इंच सरकत आम्ही वरपर्यंत पोहोचलो.

"सोडा," त्या म्हणाल्या. एकामागून एक पाच सिरिंज माझ्या नळीतून रिकाम्या झाल्या.

बाहेर आल्यावर शेफालीदींनी मला पुन्हा पाण्यात बुडवलं. या वेळी मानेपाशी बुडबुडे आले. "हिला आता कुणाच्या पोटात घालायचं नाही," त्यांनी ठामपणे सांगितलं. मला वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं.

आठ आठवड्यांनी नवी दुर्बीण मधुवंतीच्या पोटात गेली. मी कपाटातून पडद्याकडे पाहत होते. बऱ्याच जखमा भरत आल्या होत्या. दोन अजून लाल होत्या.

"बरी झाली असं मी म्हणणार नाही," डॉक्टरबाईंनी सांगितलं. "पण ऑपरेशन सध्या टळलंय. औषधं चालूच ठेवायची."

"पुन्हा नमुना लागला तर फोन करा," दिगंबर म्हणाले. "मी येतो."

आता माझ्यावर शिकाऊ डॉक्टर हात बसवतात. मित्रांनो, उपकरण नवं असो की जुनं, प्रत्येक वेळी ते धुऊन, तपासूनच वापरा. आणि पोटाचं दुखणं लाजेपायी लपवू नका. शौचात पहिल्यांदा रक्त दिसलं, तेव्हा मधुवंतीने पाच महिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या पाच महिन्यांच्या जखमा मी जवळून पाहिल्या आहेत.