कप्तान मेलेला नाही

चष्मेवाला तसा सरळ माणूस. नंबर निघाला नाही तर 'चष्मा नको, जा घरी' असं गिऱ्हाइकाला सांगून मोकळा होणारा. जन्मात एकदाच खोटं बोलायला बसला, आणि मग असं काही बोलला की विचारू नका.

भानगड 'दूरयान'वरून झाली. ही मालिका चाळीस वर्षं चालू आहे. मधे बंद पडते, नवे लोक येऊन पुन्हा सुरू करतात, पण यान तेच आणि कप्तानही तोच. चष्मेवाल्याच्या मते दूरयान म्हणजे आशा. माणूस एक दिवस शहाणा होईल, भांडणं टाकून ताऱ्यांपर्यंत पोचेल, हे बघत तो लहानाचा मोठा झाला. त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कुलपं दुरुस्त करतो. त्याला नवी पर्वं प्यारी. त्यांत यानावर दिवे कमी, माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि दर भागाला कुणीतरी मरतंच. तो म्हणतो, आयुष्य हे असंच असतं, बाकी सगळी लहान मुलांची समजूत. यावर चष्मेवाला म्हणतो की दिवसभर चोरी झालेल्या घरांची कुलपं बदलणाऱ्याने माणुसकीवर बोलू नये.

दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, मागच्या खोलीत काचा घासायच्या मशीनशेजारी, नवा भाग लागायचा. भाग संपला की दोघे असे जुंपायचे की चष्मेवाल्याची बायको चहाचे कप ठेवून सरळ निघून जायची. एकदा तर दोघांनी महिनाभर अबोला धरला. कशावरून? अवकाशात यान फुटलं तर आवाज व्हावा की नाही. जुन्या पर्वांत धडाधड आवाज व्हायचे. नव्या लोकांनी ठरवलं, तिथे हवा नाही, तेव्हा सगळं निःशब्द. मेव्हणा यावर जाम खूष होता. चष्मेवाल्याला वाटायचं, मेल्यांनी स्फोटातलीसुद्धा मजा काढून घेतली.

या दोघांच्या मधे बसायच्या सासूबाई. घरातल्या पहिल्या चाहत्या त्याच. जावई पसंत पडला तोच मुळी त्याला पहिलं पर्व तोंडपाठ होतं म्हणून, असं घरात सगळे म्हणतात. पण गेल्या वर्षी त्यांची नजर गेली. एक डोळा पार गेला, दुसऱ्याला नुसता उजेड कळतो. चष्मेवाल्याच्या सासूलाच दिसत नाही, यावर गल्लीने करायचे तेवढे विनोद करून घेतले. तेव्हापासून टीव्हीवर जे ऐकू येत नाही ते जावयाने कानात सांगायचं, असं ठरून गेलं.

आता त्या उजेड कळणाऱ्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याभराने, एका मंगळवारी ठरलं होतं. डॉक्टरांनी दोघा पुरुषांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, यश येण्याची शक्यता अर्धी-अर्धी, आणि नाही केलं तर आहे तो उजेडही जाणार. मेव्हणा म्हणाला, आईला खरं सांगून टाकू. चष्मेवाला म्हणाला, वेडा आहेस का, त्या हाय खातील. मेव्हणा खरेपणाचा एवढा भोक्ता, पण आईसमोर गेला की त्याची दातखीळ बसायची. शेवटी चष्मेवाल्यानेच छाती पुढे काढून सांगितलं, "आई, शंभर टक्के दिसणार." सासूबाई तयार झाल्या.

आणि नेमका त्याच सुमारास कप्तान मेला.

यान वाचवायला तो बाहेर गेला, दोर तुटला, आणि काळोखात लहान लहान होत दिसेनासा झाला. नव्या लोकांच्या तत्त्वाप्रमाणे सगळं निःशब्द. मेव्हण्याचे डोळे भरून आले होते, कौतुकाने. सासूबाईंनी जावयाचा हात दाबला आणि विचारलं, काय झालं, सगळे गप्प का? चष्मेवाल्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्याला ऑपरेशन आठवलं, आणि तो म्हणाला, "त्या जुन्या ओळखीच्या चंद्रावर उतरला. सुखरूप आहे."

मेव्हण्याने त्याच्याकडे असं पाहिलं की बस्स. पण चष्मेवाल्याने डोळ्यांनीच हात जोडले, म्हणून तो मूग गिळून बसला.

पुढच्या रविवारी यानावर शोकसभा. बायका-पुरुष हुंदके देतायत. सासूबाई चक्रावल्या. चष्मेवाला म्हणाला, त्यांना अजून पत्ता नाही ना. त्या दिवसापासून दर शांत जागी तो कप्तानाला आणायला लागला. कप्तानाने आडोसा बांधला. कप्तानाने रेडिओ खोलला. कप्तानाची दाढी वाढली. माणसाला एकदा सुचायला लागलं की थांबवत नाही. मेव्हणा शेजारी बसून स्वतःची पँट मुठीत चुरगाळत होता.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी चष्मेवाल्याचा अगदीच तोल गेला. सासूबाई खुशीत ऐकतायत हे बघून तो म्हणाला, "आता त्याने बटाटे लावलेत. कोंबही आलेत."

मेलेला माणूस जिवंत झालेला मेव्हण्याने निमूट सोसला होता. दाढीही सोसली. पण हे नाही सोसलं.

"भाऊजी, त्या चंद्रावर हवाच नाही," तो ओरडला. "दुसऱ्या पर्वात सांगितलंय."

मेव्हण्याने जीभ चावली, पण आता काय उपयोग. सासूबाई मान तिरकी करून विचार करत होत्या. दुसरं पर्व त्यांनाही पाठ होतं.

"खरंच की. हवा नाही तिथे," त्या म्हणाल्या. मग, "म्हणजे गेला तो."

त्यांनी टीव्ही बंद करायला लावला आणि जावयाच्या दिशेला तोंड केलं. "आणि माझ्या डोळ्याचं? डॉक्टर काय म्हणाले? ते म्हणाले तेच सांगा. नाहीतर मंगळवारी मी घरातून हलायची नाही."

सांगावं तर त्या नाही म्हणतील, आणि न सांगावं तरी नाहीच म्हणतील. चष्मेवाल्याने मेव्हण्याकडे पाहिलं. खऱ्याचा एवढा कैवारी, निदान आज तरी बोलेल. मेव्हण्याने आईचा हात धरला आणि म्हणाला, "होणार गं नीट. नक्की होणार."

"तू गप्प बैस," सासूबाई म्हणाल्या. "जावई, तुम्ही बोला."

"अर्धी-अर्धी, आई," चष्मेवाला म्हणाला. "दिसेल किंवा नाही दिसणार. नाही केलं तर आहे तेही जाईल. मी खोटं बोललो, कारण मलाच भीती वाटत होती."

"आणि नाहीच दिसलं तर?"

"तर दर रविवारी इथे शेजारी बसेन. जे दिसेल तेवढंच सांगेन."

सासूबाई बराच वेळ पदराचं टोक बोटांत फिरवत राहिल्या. चष्मेवाल्याला वाटलं, गेलं सगळं.

"मंगळवारी किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

पलीकडून मुसमुस ऐकू आली. मेव्हणा गुडघ्यांत डोकं घालून रडत होता. सासूबाईंनी चाचपडत त्याचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

"अरे, तू कशाला रडतोस?" त्या म्हणाल्या. "आयुष्य असंच असतं म्हणून आम्हाला शिकवत होतास ना?"